वीज-उपकेंद्रातील जुनी यंत्रे

पेडणे किंवा डिचोलीच्या बाजूला पावसाची पहिली गडगडती सर आली, की घरोघरी मेणबत्तीचा शोध सुरू होतो. दिवे गेले, म्हणजे लोकांचा राग प्रथम खांबावरील तारेवर आणि मग त्या खांबावर चढणाऱ्या लाइनमनवर निघतो. दोष पुष्कळदा तारेचाच असतो, हे खरे. माडाचे झावळ पडते, फांदी मोडते, तार तुटते. परंतु फांदी एका वाड्यात पडली असता अंधार त्या वाड्यापुरताच राहावयाचा की सगळ्या तालुक्यावर पसरावयाचा, हे तारेवर ठरत नाही. ते ठरते उपकेंद्रात, कुंपणाआड उभ्या असलेल्या यंत्रांच्या प्रकृतीवर.

गोव्याला स्वतःचे मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. येथील दिवा छत्तीसगडमधील कोरबा, मध्य प्रदेशातील विंध्याचल, तेलंगणातील रामगुंडम अशा दूरच्या औष्णिक केंद्रांच्या आधाराने जळतो. कोल्हापूरहून निघालेली 400 किलोव्होल्टची वाहिनी बार्देशात कोलवाळ येथे येते. तेथून 220 किलोव्होल्टच्या दाबाने वीज थिवी येथील मोठ्या उपकेंद्रात जाते. पुढे दाब पायरीपायरीने उतरत 33 आणि 11 किलोव्होल्टवर येतो आणि घरात शिरताना तो 230 व्होल्ट एवढाच उरतो. इतक्या पायऱ्या कशासाठी, असे कोणी विचारील. तेवढीच वीज तिप्पट दाबाने पाठविली, तर तारेतील प्रवाह एक तृतीयांश होतो आणि उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज एक नवमांशावर येते. एवढ्या एका हिशेबावर ही सारी उभारणी झालेली आहे.

गोवा 1961 मध्ये मुक्त झाला आणि 1963 मध्ये येथे वीज खाते स्थापन झाले. त्यानंतरच्या दशकांत खेडोपाडी वीज गेली, तेव्हा घरात दोन-तीन दिवे आणि शेतावर एखादा पंप एवढीच तिची अपेक्षा होती. आज पेडण्याच्या किनाऱ्यावर मांद्रे, मोरजी, हरमल येथे हॉटेले उभी आहेत, आणि जानेवारी 2023 पासून मोपाच्या पठारावर विमाने उतरत आहेत. चतुर्थीची रोषणाई असो वा फेस्ताची, भार वाढला तो केवळ सणापुरता नव्हे.

वाढता भार प्रथम सोसावा लागतो तो रोहित्राला. रोहित्राच्या पोटात तांब्याची वेटोळी असतात. ती कागदात गुंडाळून तेलात बुडविलेली असतात. तांबे सहसा दगा देत नाही. तेल गाळता येते, बदलता येते. कागद मात्र जागच्या जागी बदलता येत नाही, आणि रोहित्राचे आयुष्य म्हणजे त्या कागदाचे आयुष्य होय. ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापमान सहा ते आठ अंश सेल्सियसने चढले, की कागद जिरण्याचा वेग दुप्पट होतो, असा तज्ज्ञांचा ठोकताळा आहे. दमट हवा त्याची दुसरी वैरी. म्हणून रोहित्र ज्या नळीतून श्वास घेते, तिच्या तोंडाशी ओल शोषणारे निळे खडे ठेवतात. ते गुलाबी झाले की बदलावयाचे. हे काम चार पैशांचे असते. म्हणूनच ते राहून जाते! वैद्य रक्त तपासतो, तसे अभियंते तेलात विरघळलेले वायू तपासतात. त्यात अॅसिटिलीन आढळले, तर आत कोठे तरी ठिणगी उडत आहे असे समजतात.

रोहित्र म्हातारे झाले, तर त्याची लक्षणे दिसतात. सर्किट ब्रेकरचे तसे नाही. तो महिनोन् महिने स्वस्थ असतो आणि दोष उद्भवताच सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास त्याने मंडल तोडावयाचे असते. दोष ओळखणारा रिले हा पहारेकरी, ब्रेकर हा दरवाजा. दरवाजा अडकून बसला, तर त्याच्या मागचा, अधिक मोठ्या प्रदेशाचा दरवाजा मिटतो, आणि एका फांदीपायी सारा तालुका अंधारात जातो. या दोघांना बळ पुरविणाऱ्या बॅटऱ्या तर एका खोलीत कोणाच्या लक्षातही न येता पडून असतात. त्याच थकल्या असतील, तर उत्तम ब्रेकरही उघडत नाही.

जुन्या तेलाच्या ब्रेकरच्या जागी 33 किलोव्होल्टपर्यंत आता निर्वात ब्रेकर बसवितात. अधिक दाबाला सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे ब्रेकर असतात. हा वायू ठिणगी विझविण्यात पटाईत; पण हवेत सुटला, तर कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजारांहून अधिक पटीने पृथ्वी तापवितो. तेव्हा नवे तेवढे निर्दोष, असे मानण्याचे कारण नाही. फिरत्या चकतीचे जुने रिले काही ठिकाणी कित्येक दशके इमानाने चालले आहेत.

केवळ रोहित्र मोठे आणले म्हणजे भागते, हा आणखी एक गैरसमज. मोठ्या रोहित्रामागून दोषाच्या क्षणी वाहणारा प्रवाहही वाढतो. तो तोडण्याची ताकद जुन्या ब्रेकरमध्ये नसेल, जमिनीतील अर्थिंगची जाळी त्याला अपुरी पडत असेल, तर सुधारणेतूनच अपघात ओढवावयाचा. म्हणून ही यंत्रे एकेकटी बदलून चालत नाही.

आणि येथे खरी अडचण येते. काम करावयाचे तर वीज बंद ठेवावयास हवी. पावसाळ्यात रोहित्र उघडता येत नाही, कारण कागदाने ओल घेतली की सारे व्यर्थ. राहिले ऑक्टोबर ते मे हे महिने. पण त्यातच पर्यटकांची गर्दी, परीक्षा आणि वैशाखाचा उकाडा येतो. पूर्वसूचना देऊन वीज बंद केली, तरी लोक रागावतात. तो राग समजण्यासारखा आहे. पण हे सात-आठ तास वाचविले, तर पुढे ऐन पावसाळ्यात याच्या कितीतरी पट अंधार सोसावा लागण्याचा संभव असतो.

काम सुरू होण्यापूर्वी वाहिनी दोन्ही बाजूंनी तोडून जमिनीला जोडतात. मगच माणूस हात लावतो. मोठे रोहित्र तेल काढून, आत कोरडा वायू भरून, सखल ट्रेलरवरून आणतात. अरुंद रस्त्यांवर व जुन्या पुलांवर ते अगदी सावकाश चालते. जागेवर बसविल्यावर आतील हवा ओढून घेऊन तेल भरावयाचे, ते पुन:पुन्हा गाळावयाचे, मग ते स्थिरावू द्यावयाचे. यात दिवसच्या दिवस जातात. त्यानंतर वीज जोडतात, पण भार देत नाहीत. पहारेकरी रात्रभर त्याचा घुमणारा आवाज ऐकत बसतो, आणि आवाज बदलला नाही, तर दुसऱ्या दिवशी एकेक गाव त्याच्यावर सोपविण्यात येते.