मेकॅनिकलला ॲडमिशन झालं, पण पुढे लाइन कोणती? डिझाईन, थर्मल की प्रॉडक्शन, जाणून घ्या

पोरगं इंजिनिअरिंगला गेलं की गावात दोन प्रश्न हमखास येतात. ‘ब्रँच कुठली?’ आणि ‘मग नोकरी कुठं लागणार?’ पहिल्याचं उत्तर सोपं असतं, मेकॅनिकल. दुसऱ्या प्रश्नावर घरातले सगळेच गप्प होतात. कारण मेकॅनिकल म्हणजे एकच नोकरी नव्हे. त्यात चार-पाच वेगवेगळ्या वाटा आहेत. शैक्षणिक कर्ज काढून, नाहीतर उसाच्या बिलातून फी भरणाऱ्या घराला त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

लाइन कधी निवडायची?

दहावीनंतरचा डिप्लोमा तीन वर्षांचा, बारावीनंतरची डिग्री चार वर्षांची. डिप्लोमा झालेल्यांना डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. सुरुवातीला गणित, ड्रॉइंग, थर्मोडायनॅमिक्स हे विषय सगळ्यांनाच असतात. शेवटच्या दोन वर्षांत ऐच्छिक विषय, प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप येते. पदवीवर ‘मेकॅनिकल’ एवढंच लिहिलेलं असलं तरी मुलाखतीत प्रश्न प्रोजेक्टवरच जास्त येतात. म्हणजे लाइन ठरते ती इथंच. एम.टेक.ला मात्र थेट विशेष विषयच घ्यावा लागतो.

डिझाईन

यंत्राचा भाग कसा असावा, किती जाड असावा, किती वजनाला तुटेल, हे ठरवणारं हे काम. ट्रॅक्टरमागचा नांगर कडक रानात कुठं वाकेल, याचा हिशोब डिझाईनवाला आधीच कॉम्प्युटरवर करतो. सॉलिडवर्क्स, कॅटिया, ॲन्सिस ही सॉफ्टवेअर त्यासाठीच. पण नुसता क्लास लावून भागत नाही. गणित आणि ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ कच्चं असेल तर पोरगं फक्त बटणं दाबायला शिकतं.

थर्मल

उष्णतेचं शास्त्र. याचं उत्तम उदाहरण म्हणजे साखर कारखाना. उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जळतो. त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं, वीज होते आणि तीच वाफ पुढे रस आटवायला वापरतात. कोराडी, चंद्रपूर, परळीची औष्णिक वीज केंद्रं चालतात ती याच शास्त्रावर. तिथं इंधन कोळसा. द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आणि दूध शीतकरण केंद्रही याच लाइनमध्ये येतं. बॉयलरवर जबाबदारीनं काम करायचं तर राज्याच्या बाष्पके विभागाची ‘बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर’ ही परीक्षा असते. ठरावीक अनुभव झाल्यावर ती देता येते. गावाजवळ राहून काम करायची इच्छा असलेल्यांनी ही लाइन जरूर बघावी.

प्रॉडक्शन

सीएनसी, व्हीएमसी मशीन, कास्टिंग, वेल्डिंग, क्वालिटी. चाकण, वाळूज, सातपूर-अंबड इथले कारखाने आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्या यावरच चालतात. नव्या पोरांना आत शिरायला हे दार सर्वात रुंद. मात्र शिफ्ट असते आणि दिवसभर उभं राहावं लागतं. टूल अँड डाय बनवायची आवड असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये त्याचं खास शिक्षण मिळतं.

ऑटोमोबाईल

‘आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या, मेकॅनिकलचं काय?’ असं पारावर ऐकू येतं. बॅटरीच्या गाडीत इंजिन आणि ऑइल बदलणं नसतं, हे खरं. पण ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि चेसिस लागतंच. शिवाय बॅटरी तापू नये म्हणून तिला थंड ठेवावं लागतं, ते पुन्हा थर्मलचंच काम. त्यामुळे फक्त इंजिनावर अवलंबून राहू नये. सरकारी नोकरी हवी असेल तर आरटीओतल्या सहाय्यक मोटार वाहन निरीक्षक पदासाठी मेकॅनिकल आणि ऑटोमोबाईल, दोन्ही डिप्लोमा चालतात. बाकीच्या अटी मात्र जाहिरातीत नीट वाचाव्यात.

मेकॅट्रॉनिक्स आणि रोबोटिक्स

गाड्यांच्या मोठ्या कारखान्यांत वेल्डिंग आता रोबोट करतात. ते बसवायला आणि बिघडले तर दुरुस्त करायला माणूसच लागतो. त्यासाठी यंत्राबरोबर थोडी वीज, सेन्सर, पीएलसी आणि कोडिंग यावं लागतं. ज्याला घरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून बघायची खोड आहे, त्याला ही लाइन मानवेल.

मग ठरवायचं कसं?

१. कोणत्या विषयाला न रडता मार्क पडतात, ते बघावं.

२. सुट्टीत एक साखर कारखाना आणि एमआयडीसीतलं एक मशीन शॉप परवानगी काढून पाहून यावं. तासाभरात पुष्कळ कळतं.

३. कॉलेजला नुसता प्लेसमेंटचा आकडा विचारू नये. कंपनी कोणती, काम काय, पगार किती आणि नोकरी कायम की ठरावीक मुदतीची ट्रेनी, हे विचारावं. मुदत संपली की घरी बसणारी पोरं कमी नाहीत.

४. प्रोजेक्ट विकत आणू नये. गावातलंच काम घ्यावं. कांदा चाळीतली हवा कशी खेळते, फवारणी पंपाचं पाठीवरचं ओझं कमी कसं होईल, असं काहीही. मुलाखतीत त्यावर बोलताना अडखळायला होत नाही.

‘मुलींना मेकॅनिकल नको’ असं अजूनही म्हटलं जातं. पण डिझाईन, क्वालिटी आणि शॉपफ्लोअरवरही मुली काम करत आहेत. मुलीचं ड्रॉइंग चांगलं असेल तर तिला अडवू नये.

शेजारच्याचं पोरगं कुठल्या लाइनला गेलं, हे बघून निर्णय घेऊ नये. फी बापानं भरली तरी रोज आठ तास ते काम करायचं आहे पोराला. त्यामुळे तिसरं वर्ष सुरू व्हायच्या आत घरात बसून एकदा मोकळेपणानं बोललेलं बरं.