नदीतली मराठी

आमच्या अंधेरीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची मुलगी वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेत पीएच्.डी. करते. ही संस्था १९६१ साली निघाली आणि १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुलीचा विषय आहे गोड्या पाण्यातल्या माशांचे जीवन. दर पंधरवड्याला ती भल्या पहाटे निघून वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी जाते आणि रात्री चिखलाने भरलेल्या चपला हातात घेऊन जिना चढते. आईची तक्रार एकच : "एवढं शिकून शेवटी मासेच धरायचे होते, तर वर्सोव्याच्या कोळणीकडेच शिकवणी लावली असती!"

परवा मी तिला विचारले, "तिथे करतेस तरी काय?"

"माशाची जबानी घेते, काका."

जाळ्यात आलेला मासा मोजायचा, तोलायचा आणि धडधाकट असला तर परत सोडायचा. त्याचा एखादा खवला सूक्ष्मदर्शकाखाली धरून वलयांवरून वय काढायचे. मेलेल्या माशाचे पोट उघडून त्याने काय खाल्ले ते पाहायचे. पाण्यात प्राणवायू किती, तेही मोजायचे. हे सारे बारा महिने, कारण वैशाखातला डोह आणि आषाढातला पूर यांत माशाचे दोन वेगळे संसार असतात.

तिची वही मी सहज चाळली. मी पडलो मराठीचा मास्तर; लॅटिन नावांशी माझा काय संबंध? पण 'मिस्टस शिंगटी', 'स्पेराटा शिंघाला', 'टॉर खुद्री' अशी नावे दिसली आणि मी चमकलो. ही तर आपलीच मंडळी! कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी १८२४ पासून दख्खनभर फिरला. इथल्या नद्यांतल्या माशांची वर्णने त्याने १८३९ साली प्रसिद्ध केली, तेव्हा लोकांच्या तोंडची मराठी नावेच त्याने शास्त्राच्या दप्तरात चढवली. खुद्री हा महाशीर कुळातला मासा त्याला पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळाला होता.

मला अभिमान वाटला. मुलगी मात्र हसली नाही. "काका, नाव कागदावर राहिलं म्हणजे मासा नदीत राहिला, असं नाही."

मग तिने वैतरणेचेच उदाहरण दिले. तिळशाला महादेवाच्या देवळापुढे डोह आहे. तिथल्या महाशीर माशांना कोणी जाळे लावत नाही. ते देवाचे मासे. भाविक त्यांना खाऊ टाकतात. पण महाशीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वाहत्या, स्वच्छ पाण्यातल्या खडीवर अंडी घालतो. वाटेत धरणाची भिंत आली की त्याचा प्रवास तिथेच थांबतो. वाळू-खडी उपसली की बाळंतिणीची खोलीच गेली. याच नदीवर १९५७ साली मोडकसागर धरण झाले, आणि त्याचे पाणी मुंबईच्या नळांना येते.

"डोह देवाने राखला," ती म्हणाली, "पण वर चढायची वाट कोणी राखायची?"

मला उत्तर सुचले नाही. पाणी तर आम्हीच पितो.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. काठावरचा एक म्हातारा तिला माशांची दहा-बारा नावे सांगतो. कोणता मासा कोणत्या नक्षत्रात चढतो तेही सांगतो. त्याच्या नातवाला मात्र एकच नाव येते : चिलापी. म्हणजे आफ्रिकेतून आलेली, १९५२ साली भारतात आणलेली तिलापिया. भराभर वाढते, घाणेरड्या पाण्यातही तगते. नातवाच्या जाळ्यात बहुतेक तीच येते. पाहिलेच नाहीत त्या माशांची नावे पोराने शिकावीत तरी कशी?

शब्द जुने झाले म्हणून भाषेतून जातात, असे मी वर्गात इतकी वर्षे सांगत आलो. शब्दाआधी त्याचा धनीच नाहीसा होतो, हे मला या मुलीने शिकवले. म्हाताऱ्याची नावे ती वहीत उतरवून घेते आहे, आणि प्रत्येक नावापुढे मासा मिळाला की नाही, याची खूण करते आहे.

"पुढच्या खेपेला मी येऊ का?" मी भीतभीतच विचारले.

"या की! नावं तुम्ही लिहून घ्या, तुमचं अक्षर चांगलं आहे. फक्त चपला घालून येऊ नका, काका. जुने बूट असतील तर शोधून ठेवा."

बूट मी माळ्यावरून काढून ठेवले आहेत.