घोडबंदर रोडचा पाऊस

ठाण्यात वर्षाला सरासरी सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक जून ते सप्टेंबरमध्येच. पण घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला एवढ्या आकड्यावरून काही कळत नाही. माजिवड्याहून गायमुखाकडे निघालं की डाव्या हाताला येऊरचा डोंगर, उजव्या हाताला उल्हास नदीची खाडी. नैऋत्येची दमट हवा या डोंगररांगेवर चढते, गार होते आणि बरसते. याच रांगेतल्या राष्ट्रीय उद्यानातला सर्वांत उंच माथा अवघा ४६८ मीटरचा, त्यामुळे माथेरानची सर इथल्या पावसाला नाही. तरी ढगाला अडखळायला तेवढा पुरतो.

डोंगरावरचं पाणी ओढ्या-नाल्यांनी मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा ओलांडत खाडीला मिळतं. या वाटेवर पूर्वी भातखाचरं होती. उन्हाळ्यात टहाळ्या, पालापाचोळा, शेण पसरून वर मातीचा थर देत आणि राब भाजत. तणाचं बी जळे, माती भुसभुशीत होई. मृगात रोप वर येई, आर्द्रा-पुनर्वसूत लावणी. बांधाआड दहा सेंटीमीटर पाणी तुंबलं, तर एका एकरात चार लाख लिटर होतं. ते तिथे मुरत, झिरपत राही. आता बहुतेक ठिकाणी खाचराच्या जागी पोडियम आणि पार्किंग आहे.

महसूल खात्याच्या लेखी चोवीस तासांत पाऊस ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी. कोकणातल्या जुलैत हे नेहमीचंच. भात त्यात डोलतं. तोच पाऊस तासा-दीड तासात कोसळला की नाले फुगतात. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ मोजलेल्या बेरजेत हा फरक दिसत नाही. जागेचाही नाही: २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, तर वीस-बावीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला जेमतेम ७३. मग शहरातल्या एखाद्या पर्जन्यमापकावरून गायमुखचा पाऊस कसा सांगणार?

वेळापत्रकही हललं आहे. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मेलाच, म्हणजे रोहिणी नक्षत्रातच, दाखल झाला. कोकणात धूळवाफेच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत करायच्या, पेरण्यांची पंचाईत झाली.

राहिली खाडी. कोळी-आगरी माणूस पावसाआधी तिथी बघतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी. उधाणाच्या दिवसांत मुंबईला दुपारी बाराच्या आगेमागे भरती असते, खाडीत आत थोडी उशिरा, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. भरतीचं पाणी नाल्यात शिरलं की डोंगराचं पाणी मागे तुंबतं. अशा दिवशी सकाळी अकराला धरलेल्या सरीचं पाणी सखल भागात संध्याकाळपर्यंत साचून राहू शकतं. तेवढीच सर भांगाच्या दिवसांत पडली, तर नाला साफ असल्यास पाणी लवकर उतरतं.