फुलब्राइट यांच्या मतांचा हिशेब

१९ जून १९६४ रोजी अमेरिकी सिनेटने नागरी हक्क कायदा ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत केला. हॉटेले, उपाहारगृहे, नाट्यगृहे, नोकऱ्या अशा सगळ्या ठिकाणी वर्णावरून भेदभाव करण्यास या कायद्याने बंदी घातली. बरोबर सात आठवड्यांनी, ७ ऑगस्टला, याच सभागृहाने टोंकिनच्या आखाताविषयीचा ठराव ८८ विरुद्ध २ मतांनी मंजूर केला आणि अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरण्याची जवळजवळ मोकळीक दिली. पहिल्या मतदानातल्या २७ विरोधकांत आणि दुसऱ्यातल्या ८८ समर्थकांत अर्कान्सस राज्याचे सिनेटर जेम्स विल्यम फुलब्राइट यांचे नाव आहे. टोंकिन ठराव सभागृहात मांडून तो पार पाडण्याची जबाबदारीही त्यांच्याचकडे होती. पुढे व्हिएतनाम युद्धाचे सर्वांत जाणते टीकाकार म्हणून जगाने ज्यांना ओळखले, ते हेच फुलब्राइट.

आपल्याकडे हे नाव ठाऊक आहे ते शिष्यवृत्तीमुळे. १९४६ साली त्यांनी मांडलेल्या कायद्यातून आंतरराष्ट्रीय शैक्षणिक देवाणघेवाणीची योजना उभी राहिली. भारताने २ फेब्रुवारी १९५० रोजी तिच्यासाठी अमेरिकेशी करार केला, आणि तेव्हापासून मुंबई-पुण्याचे कितीतरी संशोधक आणि प्राध्यापक या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आले. त्यामुळे फुलब्राइट म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो उदार, जगाकडे मोकळ्या मनाने पाहणारा विद्वान, आणि ते चित्र खोटे नाही. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला शिकले, ऐन तिशीत अर्कान्सस विद्यापीठाचे प्रमुख झाले, १९४५ पासून ३० वर्षे सिनेटर राहिले आणि १९५९ ते १९७४ परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष होते. पण याच माणसाची देशांतर्गत प्रश्नांवरची मते काढून पाहिली, की ती दुसऱ्याच कुणाची असावीत असे वाटू लागते.

हा हिशेब मांडता येतो, कारण अमेरिकेत प्रतिनिधीचे मत त्याच्या स्वतःच्या नावावर जमा होते. उपस्थित सदस्यांपैकी एकपंचमांश जणांनी मागणी केली तर प्रत्येकाचे मत कामकाजाच्या नोंदीत लिहिलेच पाहिजे, अशी तरतूद त्यांच्या राज्यघटनेतच आहे. पक्षाच्या भूमिकेविरुद्ध मत दिले म्हणून सदस्यत्व जात नाही. जॉन्सन डेमोक्रॅट, फुलब्राइटही डेमोक्रॅट. तरी अध्यक्षांच्या सर्वांत महत्त्वाच्या विधेयकाविरुद्ध मत देऊन फुलब्राइट आपल्या जागी आणि समितीच्या अध्यक्षपदी कायम राहिले. आपल्याकडे बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने निकालात निघतात. मतविभाजन झालेच, तर पक्षादेश असतो आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने त्या पक्षादेशामागे अपात्रतेची तलवार ठेवली आहे. भारतीय खासदाराच्या मतावरून त्याचा पक्ष कळतो; अमेरिकी सिनेटरच्या मतावरून तो स्वतः कळू शकतो. पण नेमके काय कळते? सर्वसाधारण समज असा, की मतांच्या नोंदीतून माणसाची तत्त्वे दिसतात. फुलब्राइट यांची नोंद काही वेगळे सांगते. प्रतिनिधीने मत देताना कुणाला मोजले आणि कुणाला मोजले नाही, हे तिच्यातून जास्त स्पष्ट दिसते.

आधी परराष्ट्र धोरण घेऊ. १९४३ मध्ये, प्रतिनिधिगृहात नुकतेच आलेले असताना, युद्धानंतरच्या शांततेसाठी उभ्या राहणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत अमेरिकेने सामील व्हावे असा ठराव त्यांनी मांडला, आणि तो ३६० विरुद्ध २९ मतांनी संमत झाला. संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या वाटेवरचा तो एक टप्पा होता. १९६१ मध्ये क्यूबावरच्या नियोजित आक्रमणाला त्यांनी अध्यक्ष केनेडींकडे आधीच विरोध नोंदवला; पुढे बे ऑफ पिग्जमध्ये त्या मोहिमेचा फज्जा उडाला. १९६५ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकात सैन्य पाठवल्याबद्दल त्यांनी जॉन्सन यांच्यावर उघड टीका केली आणि जुनी मैत्री तुटली. १९६६ मध्ये त्यांच्या समितीने व्हिएतनामवर घेतलेल्या सुनावण्या दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोचल्या. त्याच वर्षी टोंकिन ठराव मागे घेण्याची सूचना ९२ विरुद्ध ५ मतांनी बाजूला सारली गेली, तेव्हा त्या पाचांत फुलब्राइट होते. त्यांच्या धाडसाचा आणखी एक दाखला १९५४ चा. कम्युनिस्ट शोधण्याच्या नावाखाली जोसेफ मॅकार्थी यांनी दहशत माजवली होती. त्यांच्या चौकशी उपसमितीला निधी द्यावा की नाही, यावर ८५ जणांनी होकार दिला आणि एकट्या फुलब्राइट यांनी नकार.

आता देशांतर्गत बाजू. गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. त्या निकालाविरुद्ध १९५६ मध्ये दक्षिणेतल्या लोकप्रतिनिधींनी जे निवेदन काढले, त्यावर १९ सिनेटरांच्या सह्या होत्या आणि त्यांत फुलब्राइट यांचीही होती. मसुद्याची भाषा सौम्य करण्यात त्यांचा हात होता हे खरे. पण सही ती सहीच. त्याच वर्षी त्यांना पुन्हा निवडणूक लढवायची होती. पुढे १९५७, १९६० आणि १९६४ चे नागरी हक्क कायदे आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा, या चारही वेळी त्यांचे मत विरोधात पडले. १९६४ चे विधेयक भाषणांवर भाषणे करून रोखून धरणाऱ्या दक्षिणी गटातही ते होते. आर्थिक प्रश्नांवरही त्यांची नजर राज्याच्या हिताकडे असे. नैसर्गिक वायूच्या उत्पादकांना केंद्रीय नियंत्रणातून मोकळे करणाऱ्या १९५६ च्या विधेयकाला त्यांचे नाव होते आणि अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ते नाकारले. थोडक्यात, घरच्या प्रश्नांवर ते अर्कान्ससचे सिनेटर होते आणि बाहेरच्या प्रश्नांवर जगाचे.

या विसंगतीला ढोंग म्हणून मोकळे होता येते, पण त्याने काहीच उलगडत नाही. दोन्ही प्रकारच्या मतांची किंमत वेगवेगळी होती, हे पाहिले की चित्र स्पष्ट होते. अर्कान्ससच्या भातशेतकऱ्याला किंवा गावातल्या दुकानदाराला क्यूबा आणि डोमिनिकन प्रजासत्ताक यांच्याशी रोजचे कर्तव्य नव्हते. तिथे आपला विद्वान सिनेटर काय म्हणतो याची त्याला फारशी फिकीर नव्हती, झालाच तर थोडा अभिमान होता. शाळेत आपल्या मुलाशेजारी कोण बसणार, हा प्रश्न मात्र त्याच्या दारातला होता. मतदारांत गोऱ्यांचे वर्चस्व होते आणि १९६४ पर्यंत राज्यात मत देण्यासाठी कर भरावा लागे. गरीब कृष्णवर्णीयांना तो सर्वांत जड जाई. परराष्ट्र धोरणावर स्वतंत्र बुद्धी वापरण्याची मोकळीक फुलब्राइट यांना मतदारांच्या बेफिकिरीने दिली, आणि ती टिकवण्यासाठी त्यांनी वर्णाच्या प्रश्नावर मतदारांना हवे ते दिले. परराष्ट्र धोरणावरचे मत अगदीच फुकट नसते, हेही खरे. टोंकिन ठरावाला विरोध करणारे दोघे, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग, १९६८ मध्ये पराभूत झाले. त्यात युद्धविरोधाचा वाटा किती, यावर वाद घालता येईल. पण त्याच वर्षी, युद्ध ऐन भरात असताना, युद्धाचे प्रसिद्ध विरोधक फुलब्राइट अर्कान्ससमधून आरामात निवडून आले.

त्यांचे समर्थक इथे एक वजनदार आक्षेप घेतात. दुसरे मत दिले असते तर फुलब्राइट हरले असते, त्यांच्या जागी एखादा कट्टर वर्णद्वेष्टा आला असता आणि व्हिएतनामवर प्रश्न विचारणारा समिती-अध्यक्ष देशाला मिळाला नसता, असे ते म्हणतात. या आक्षेपाला पुरावाही आहे. अर्कान्ससचेच प्रतिनिधी ब्रूक्स हेज यांनी १९५६ च्या निवेदनावर सही केली होती. तरी १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवण्यावरून पेटलेल्या संघर्षात त्यांनी फक्त मध्यस्थीचा प्रयत्न केला, आणि पुढच्याच वर्षी मतपत्रिकेवर नावही नसलेल्या उमेदवाराने त्यांना हरवले. म्हणजे धोका काल्पनिक नव्हता. पण या युक्तिवादात एक गोष्ट झाकली जाते: सौद्याची किंमत कोणी मोजली? फुलब्राइट यांची जागा टिकली, देशाला व्हिएतनामच्या सुनावण्या मिळाल्या, आणि बिल फाटले ते अर्कान्ससच्या कृष्णवर्णीय नागरिकांच्या नावाने. त्यांना या सौद्याबद्दल कोणी विचारले नव्हते. शिवाय दक्षिणेत दुसरा मार्गच नव्हता असेही नाही. टेनेसीचे दोन्ही सिनेटर, अल्बर्ट गोर आणि एस्टेस केफॉव्हर, यांनी १९५६ च्या निवेदनावर सही केली नाही. टेक्ससच्या राल्फ यारबरो यांनी १९६४ च्या कायद्याच्या बाजूने मत दिले. आजच्या मापाने कालचा माणूस मोजू नये, हा सल्लाही इथे लागू पडत नाही. केनेडींनी परराष्ट्रमंत्री म्हणून फुलब्राइट यांचा विचार केला, तेव्हाच कृष्णवर्णीय नेत्यांनी या मतांवर बोट ठेवले होते. ते पद डीन रस्क यांच्याकडे गेले. फुलब्राइट यांचे माप त्यांच्याच काळाने काढले होते.

दुसरा आक्षेप असा, की मत म्हणजे लोकप्रतिनिधीचे सगळे काम नव्हे. तो मान्यच करायला हवा. फुलब्राइट यांचे व्हिएतनामवरचे सर्वांत परिणामकारक काम समितीच्या खोलीत झाले, आणि ते होकार-नकाराच्या कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. उलट तक्त्यात दिसते ते टोंकिनचे होकारार्थी मत, ज्याचा त्यांना पुढे जाहीर पश्चात्ताप झाला. पण म्हणून नोंद निरुपयोगी ठरत नाही. भाषणात माणूस दोन्ही बाजू सांभाळू शकतो, समितीत वेळ काढू शकतो. मतदानाच्या वेळी मात्र त्याला एका बाजूला उभे राहावेच लागते. म्हणून नोंद वाचताना प्रत्येक मताला सारखे वजन देऊ नये. अमेरिकेत काही संघटना वर्षभरातली निवडक मते घेऊन प्रत्येक प्रतिनिधीला गुण देतात. अशा सरासरीत फुलब्राइट मधोमध कुठेतरी बसतील आणि त्यांच्याविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट नेमकी पुसली जाईल. १९५४ चे एकाकी मत आणि १९५६ ची सही यांची बेरीज करून भागाकार करता येत नाही.

मतामागे मतदार असतो, या म्हणण्याचा सर्वांत बळकट पुरावा पुढच्या काळात मिळतो. १९६४ मध्ये अर्कान्ससमधला मतदान कर रद्द झाला आणि कृष्णवर्णीय मतदारांची नोंदणी वाढत गेली. १९६६ मध्ये जिम जॉन्सन या वर्णविलगतेच्या कट्टर पुरस्कर्त्याला हरवून विनथ्रॉप रॉकफेलर गव्हर्नर झाले, ते कृष्णवर्णीय मतांच्या भक्कम आधारावर. १९६८ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत याच जिम जॉन्सन यांना फुलब्राइट यांनी हरवले. आणि १९७० मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेले हॅरॉल्ड कार्सवेल, ज्यांचे वर्णविलगतेच्या बाजूचे जुने भाषण उजेडात आले होते, ५१ विरुद्ध ४५ मतांनी नाकारले गेले, तेव्हा त्या ५१ मतांत फुलब्राइट यांचे मत होते. माणूस तोच, राज्य तेच. त्यांच्या विचारांत काही बदल झाला असेलही. पण मतदार यादी बदलली होती हे निश्चित. चार वर्षांनी, १९७४ मध्ये, डेल बंपर्स यांनी पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांचा मोठ्या फरकाने पराभव केला.

भारतीय वाचकाला यातून दोन गोष्टी घेता येतील. पहिली अशी, की प्रत्येकाचे मत नावानिशी नोंदवले गेले म्हणजे लोकप्रतिनिधी आपोआप सदसद्विवेकाने वागू लागतो, ही आशा भाबडी आहे. पक्षादेश उठवला तर खासदार मोकळा होईल खरा, पण मतदारसंघातल्या बहुसंख्येच्या आणि धनवंतांच्या दबावाखाली तो लगेच जाईल. फुलब्राइट यांच्यावर पक्षाची सक्ती नव्हतीच. त्यांना बांधले ते मतदारांनी. दुसरी गोष्ट पहिलीला पुरी करते: तरीही नोंद हवीच. फुलब्राइट यांच्या मतांवर साठ वर्षांनंतरही बोट ठेवता येते, कारण ती त्यांच्या नावावर आहेत. आवाजी मतदानाच्या गलक्यात आपल्या खासदाराने कुणाचा विचार केला आणि कुणाला वगळले, हे शोधायला आपल्याकडे जागाच नाही. फुलब्राइट यांना जगाने शिष्यवृत्तीसाठी लक्षात ठेवावे. पण ज्यांना त्यांनी मोजले नाही त्यांना त्याबद्दल जाब विचारता आला, तो केवळ त्या नोंदीमुळे.