कानात यंत्र, हातात भाषा

मूल ऐकते की नाही, हे आपल्याकडे घरच्यांच्या ध्यानात बहुधा उशिराच येते. बहिरेपणा दिसत नाही. तान्हे बाळ आईचा चेहरा पाहून हसते, पहिल्या काही महिन्यांत इतर बाळांसारखेच हुंकारते. शंका आलीच, तर मागे उभे राहून ताट-वाटी वाजवून पाहिली जाते आणि बाळाने मान वळवली की घर निश्चिंत होते. वास्तविक ही चाचणी फसवी आहे. बाळाने ताटाचा आवाज ऐकलेला नसतो. भिंतीवर हललेली सावली पाहिलेली असते किंवा जमिनीचा हादरा जाणवलेला असतो. मग ‘याचा काकाही उशिराच बोलला होता’ असा दिलासा आजीकडून मिळतो आणि वर्ष-दीड वर्ष निघून जाते.

अखेर ‘बेरा’ चाचणीचा अहवाल हाती पडतो. दोन्ही कानांना अतितीव्र श्रवणदोष असल्याचे त्यात म्हटलेले असते. त्यानंतर पालकांना अनेकदा एका दमात दोन गोष्टी सांगितल्या जातात. शक्य तितक्या लवकर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया करून घ्या, ही पहिली. आजपासून मुलाशी हातवारे पूर्ण बंद, ही दुसरी. पहिल्या सल्ल्यामागे भक्कम शास्त्रीय आधार आहे. दुसऱ्याची मात्र नीट तपासणी व्हायला हवी, कारण भाषा शिकण्याच्या बाबतीत मुलाची सर्वांत मोलाची वर्षे त्यात पणाला लागलेली असतात.

कर्णबधिर मुलांपैकी दहांतली नऊहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या आई-वडिलांच्या पोटी जन्मतात. म्हणजे निर्णय घेणाऱ्यांनी त्यापूर्वी कर्णबधिर माणसाशी दोन शब्दांचा संवादही केलेला नसण्याचाच संभव अधिक. असा निर्णय त्यांना काही आठवड्यांत घ्यावा लागतो.

यंत्र काय करते?

कॉक्लिअर इम्प्लांट हे साध्या श्रवणयंत्रापेक्षा अगदी निराळे साधन आहे. श्रवणयंत्र आवाज मोठा करते. पण अंतर्कर्णातील शंखाकृती पोकळीत, म्हणजे कॉक्लिआत, आवाजाचे विद्युतसंदेशांत रूपांतर करणाऱ्या केसपेशीच निकामी असतील, तर आवाज कितीही मोठा केला तरी उपयोग होत नाही. इम्प्लांट या पेशींना वळसा घालते. कानामागे अडकवलेला प्रोसेसर आवाज टिपून त्याचे पृथक्करण करतो. लोहचुंबकाने डोक्याला चिकटणारी चकती तो संदेश त्वचेतून आत पाठवते आणि शंखात सरकवलेल्या बारीक तारेवरील विद्युताग्रे थेट श्रवणनसेला उद्दीपित करतात. पॅरिसमध्ये 1957 साली झालेल्या पहिल्या प्रयोगापासून ऑस्ट्रेलियात ग्रॅहॅम क्लार्क यांनी 1978 मध्ये बसवलेल्या बहुवाहिनी यंत्रापर्यंत या तंत्राने मोठा पल्ला गाठला. अमेरिकेत मुलांसाठी त्याला 1990 मध्ये मान्यता मिळाली.

ज्यांची श्रवणनसच तयार झालेली नाही, अशा मुलांना याचा लाभ होत नाही. उलट मेंदूज्वरानंतर बहिरेपणा आलेल्या मुलांमध्ये शंखात हाड वाढू लागण्याची भीती असल्याने शस्त्रक्रियेची विशेष घाई करावी लागते.

निसर्गाने दिलेल्या कानात मेंदूकडे आवाज पोचवणाऱ्या सुमारे साडेतीन हजार केसपेशी असतात. यंत्रात त्यांचे काम कंपनीपरत्वे बारा ते बावीस विद्युताग्रे करतात. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर मूल बोलणे समजू शकते, ही गोष्ट थक्क करणारी आहे; पण मर्यादाही त्यातूनच येतात. शांत खोलीत समोरच्या एका माणसाचे बोलणे पुष्कळ मुलांना चांगले कळते. पंखा, दूरचित्रवाणी आणि चार पाहुणे एकाच वेळी सुरू असले की तेच मूल गोंधळते. सूर ओळखणे अवघड जाते. शिवाय आंघोळीच्या वेळी, झोपताना, बॅटरी संपल्यावर किंवा प्रोसेसर बिघडल्यावर मूल पूर्वीइतकेच बहिरे असते. हा शेवटचा मुद्दा पुढील सर्व चर्चेच्या मुळाशी आहे.

घाईचे कारण

लहान वयातच शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह अकारण धरला जात नाही. मेंदूतील श्रवणकेंद्राला पहिल्या काही वर्षांत आवाज मिळाला नाही, तर ते इतर कामांकडे वळू लागते. अनू शर्मा आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साडेतीन वर्षांपूर्वी इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद काही महिन्यांतच वयानुरूप झालेला आढळला. सात वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेक मुलांत तसे घडले नाही. म्हणूनच पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारांना प्रारंभ, असे वेळापत्रक जगभर सांगितले जाते. पालघर येथून 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. तरीही प्रत्येक प्रसूतिगृहात बाळाच्या श्रवणाची चाचणी होतेच असे नाही. पालकांनी ती मागून घ्यावी, हे उत्तम.

शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी यंत्र प्रथम चालू केले जाते. चित्रफितींत त्या क्षणी मुले हसताना दिसतात. प्रत्यक्षात पुष्कळ मुले दचकून रडतात. जो आवाज कधी ऐकलाच नाही, त्याला अर्थ कोठून येणार? तो अर्थ घरातच, महिनोन्महिने, थेंबाथेंबाने द्यावा लागतो. श्रवणतज्ज्ञाकडे जाऊन प्रत्येक विद्युताग्राची पातळी पुनःपुन्हा जुळवून घ्यायची, वाचातज्ज्ञाकडे नियमित जायचे आणि उरलेला सगळा दिवस बोलत राहायचे. रोज सकाळी तोंड झाकून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज काढायचे आणि मूल त्यांना प्रतिसाद देते का, हे पाहायचे. ‘स’ ऐकू आला नाही, तर यंत्रात काहीतरी बिनसले आहे, असे समजावे. ठाण्या-मुंबईच्या पावसाळ्यात हे वारंवार घडते. दमट हवेने मायक्रोफोन मंदावतो, म्हणून प्रोसेसर रात्री ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवावा लागतो.

मराठी घरांपुढे आणखी एक अडचण आहे. आपल्या भाषेत अर्थाचा बराचसा भार शब्दाच्या शेपटीवर असतो. ‘घरात’, ‘घराला’, ‘घरातून’, ‘घरातला’ यांतील भेद, ‘जातो’ आणि ‘जातोस’ यांतील टोकाचा ‘स’, ‘मोठा-मोठी-मोठे’ यांतला स्वर हे सारे शब्दाच्या शेवटी, आघाताविना आणि घाईत उच्चारले जाते. ऐकू येणारे मूल ते नकळत उचलते. इम्प्लांट असलेल्या मुलाला ते शेकडो वेळा स्पष्ट ऐकवावे लागते. अशा वेळी पालक नेमके उलट करतात: ‘बाळ, पाणी?’, ‘बाळ, चल’ असे तुकडे टाकतात. मुलाला पूर्ण वाक्ये ऐकवावीत, असे जाणकार सांगतात ते याचसाठी.

हातांवर बंदी का आली?

हातवाऱ्यांवरील बंदी इम्प्लांटच्या खूप आधीची आहे. इटलीतील मिलान येथे 1880 साली भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करून केवळ तोंडी पद्धतीने शिकवावे, असा ठराव केला. मुंबईत माझगावची कर्णबधिरांची शाळा त्याच दशकात सुरू झाली. तोंडी पद्धतीचा पगडा पुढे भारतातील शाळांवरही दीर्घकाळ राहिला. वर्गात ओठ पाहून शब्द उच्चारायचे आणि वसतिगृहात, मैदानावर एकमेकांशी हातांनी मनसोक्त बोलायचे, असे दुहेरी आयुष्य कित्येक पिढ्या जगल्या. मिलानच्या ठरावाबद्दल याच परंपरेतील परिषदेने व्हँकुव्हर येथे 2010 मध्ये खेद व्यक्त केला. मधे 130 वर्षे गेली होती!

हातांनी सोपे काम होत असेल तर मूल कानाने कष्ट कशाला घेईल, असा बंदीमागील युक्तिवाद आहे. तो वरकरणी पटण्याजोगा आहे आणि त्याच्या बाजूने पुरावाही दिला जातो. अमेरिकेत 97 मुलांवर झालेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्या घरांत खुणा वापरल्या गेल्या नाहीत, तेथील मुलांचे बोलणे व वाचन सरस आढळले होते. मात्र बोलताना अधूनमधून चार खुणा करणारी घरे आणि संपूर्ण सांकेतिक भाषा वापरणारी घरे यांत त्या अभ्यासाने पुरेसा फरक केला नाही, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला. ज्या मुलांचे बोलणे मागे पडते, त्यांच्याच घरी खुणांचा आधार अधिक घेतला जातो, ही शक्यताही उरते.

दुसऱ्या बाजूचे पुरावे विचार करायला लावणारे आहेत. कर्णबधिर आई-वडिलांच्या घरी जन्मापासून अमेरिकी सांकेतिक भाषा शिकलेल्या आणि पुढे इम्प्लांट झालेल्या पाच मुलांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे इंग्रजी, कर्णबधिर पालकांच्याच ऐकू येणाऱ्या मुलांच्या तोडीचे निघाले. मुले पाचच, हे खरे. परंतु सांकेतिक भाषेने बोलणे खुंटतेच, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. 2021 मधील आणखी एका अभ्यासात, ऐकू येणाऱ्या पालकांनी सहा महिन्यांच्या आत सांकेतिक भाषेची सोय केलेल्या कर्णबधिर मुलांचा शब्दसंग्रह वयाप्रमाणे वाढत असल्याचे दिसले. त्या पालकांनाही ती भाषा नव्यानेच शिकावी लागली होती.

या वादात एक साधी गोष्ट हरवते, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. यंत्र आवाज देते. भाषा माणसे देतात. निदान, पैशांची जुळवाजुळव, शस्त्रक्रिया, यंत्राची जुळणी आणि नंतरचे कानाचे शिक्षण यांत दोन-तीन वर्षे सहज जातात. यंत्राचा लाभ प्रत्येक मुलाला सारखा होत नाही आणि कोणाला किती होईल, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. त्या काळात मुलाला भूक, भीती, दुखणे, हट्ट, ‘का?’ आणि ‘उद्या’ यांसाठी कोणतीच भाषा मिळाली नाही, तर झालेले नुकसान केवळ उच्चारांचे नसते. विचार करण्याची पहिली अवजारेच त्याला उशिरा मिळतात. ऐकण्याची तालीम मनापासून करावी आणि सोबत हातांची भाषाही द्यावी, हा मार्ग अधिक सुरक्षित दिसतो.

मात्र ‘खुणा’ म्हणजे घरगुती इशारे नव्हेत. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. तिच्यात प्रश्नवाचक शब्द वाक्याच्या शेवटी येतो, भुवयांनी प्रश्न विचारला जातो, चेहरा क्रियाविशेषणाचे काम करतो. ती म्हणजे हातांनी केलेली मराठी किंवा हिंदी नव्हे. दिल्लीत 2015 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तिचा चित्रफीत-कोश तयार केला. 2018 मध्ये त्यात तीन हजार शब्द होते, 2021 मध्ये ते दहा हजारांवर गेले. तो इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो. पण नुसत्या कोशावरून कोणतीही भाषा येत नाही. आठवड्यातून एकदा एखाद्या कर्णबधिर तरुणाला किंवा तरुणीला घरी बोलवावे, आजी-आजोबांनाही शिकायला बसवावे. मूल मोठे होऊन कसे जगेल, या धास्तीवर अशा पाहुण्याचे नुसते येणे-जाणेही पुष्कळदा गुणकारी ठरते. आंघोळीच्या वेळी, समुद्रावर, रंगपंचमीला, प्रोसेसर काढून ठेवलेला असताना याच भाषेचा उपयोग होतो.

खर्चाचे गणित

यंत्र व शस्त्रक्रियेचा खर्च लाखांच्या घरात जातो. केंद्र सरकारच्या ‘ॲडिप’ योजनेत 2014 पासून पाच वर्षांपर्यंतच्या, अल्प उत्पन्न गटातील मुलांसाठी प्रत्येकी सहा लाख रुपयांपर्यंतची तरतूद करण्यात आली. तिच्या समन्वयाचे काम वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे सोपवण्यात आले. शस्त्रक्रियेचा दिवस अशा मदतीने पार पडतो. त्यानंतरची वर्षे कुटुंबाच्या खिशातून जातात. बॅटऱ्या, तुटणाऱ्या वायरी, हरवणाऱ्या चकत्या, वाचातज्ज्ञाकडील खेपा आणि काही वर्षांनी नवा प्रोसेसर. तालुक्याच्या गावातून आठवड्याला दोनदा शहर गाठणाऱ्या आईची बुडालेली मजुरी कोणत्याच योजनेत धरली जात नाही. होकार देण्यापूर्वी दुरुस्ती कोठे होते, सुटे भाग किती दिवसांत मिळतात आणि त्या काळात बदली प्रोसेसर मिळतो का, हे लेखी विचारून घ्यावे. न्यूमोकॉकसची लस शस्त्रक्रियेआधी द्यावी लागते, कारण इम्प्लांट असलेल्यांना मेंदूज्वराचा धोका थोडा अधिक असतो. पुढे कधी एमआरआय करण्याची वेळ आली, तर डोक्यात लोहचुंबक आहे, हे डॉक्टरांना आधी सांगायला हवे.

शाळेचा प्रश्न यानंतर येतो. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार कर्णबधिर मुलाला त्याला सर्वांत योग्य अशा भाषेतून व पद्धतीने शिक्षण मिळाले पाहिजे आणि सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमले पाहिजेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने 2021 मध्ये माध्यमिक स्तरावर या भाषेचा विषयही सुरू केला. तथापि शेजारच्या सर्वसाधारण शाळेत पहिलीला नाव घालताना पालकांना याहून साध्या गोष्टी विचाराव्या लागतात. वर्गात मुले किती? खिडकी रहदारीच्या बाजूला आहे का? पुढच्या बाकावर, बाईंचा चेहरा दिसेल अशी जागा मिळेल का? फळ्याकडे तोंड करून बाई शिकवणार नाहीत ना? बाईंच्या गळ्यात मायक्रोफोन अडकवून त्यांचा आवाज थेट प्रोसेसरमध्ये पोचवणारी उपकरणे मिळतात. ती वापरायला शाळा तयार आहे का? आणि मधल्या सुट्टीत, कल्लोळात काहीच ऐकू येत नसताना, शेजारी बसणाऱ्या दोन-चार मुलांना ‘ये’, ‘थांब’, ‘डाव तुझा’ एवढे तरी हातांनी म्हणायला कोणी शिकवील का?