मळ जातो कोठे?

घर झाडून झाले, भांडी लखलखीत होऊन फडताळात गेली, धुणे दोरीवर पडले, की घर स्वच्छ झाले असे म्हणण्याची रीत आहे. या म्हणण्यात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. घरातला मळ गेला खरा. पण गेला कोठे? भांड्यावरचा ओशटपणा पाण्यात उतरतो, पाणी मोरीतून बाहेर पडते, आणि मोरीच्या पलीकडे कोणाचे तरी अंगण, कोणाची तरी विहीर, कोणता तरी तलाव असतोच. मळ नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. ती नवी जागा योग्य की अयोग्य, यावर स्वच्छतेची खरी किंमत ठरते.

शेतकरी कुटुंबाला हा प्रश्न टाळता येत नसे, कारण त्याचा मळ त्याच्याच परसात उरे. त्यातून घर साफ करण्याची जी पद्धत सिद्ध झाली, तिला हल्ली ‘नैसर्गिक स्वच्छता’ असे नाव देऊन तिचे कौतुक होते. त्या कौतुकात तथ्य किती, हे पाहायचे तर ती पद्धत जेथे रुजली त्या घराकडेच गेले पाहिजे.

रायपूरहून दुर्गकडे निघाले, की खारून नदी ओलांडल्यावर कुम्हारी लागते. हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरचे हे एक लहान स्थानक. पुढे थोड्याच अंतरावर भिलाई. नाव ऐकताच कुंभाराची आठवण व्हावी, असे हे गाव आता नगरपालिकेचे झाले आहे. मराठी माणसाला हा मुलूख अगदी परका नाही. १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून छत्तीसगढचा कारभार पाहिला, आणि १९५६ पर्यंत रायपूर-दुर्गची राजधानी नागपूरच होती. त्या संबंधातून अनेक मराठी कुटुंबे या भागात स्थिरावली. त्यांच्या घरी सडा-सारवण होई, शेजारच्या छत्तीसगढी घरी लिपाई होई. शब्द निराळे, काम एकच.

भाताच्या या मुलखातील शेतकऱ्याचे जुने घर मातीच्या भिंतींचे आणि कौलारू. पुढे अंगण, एका अंगाला गोठा, मागे भाजीपाल्याची ‘बारी’, म्हणजे परसबाग, आणि शेण-केर साठवण्याचा ‘घुरवा’, म्हणजे खताचा खड्डा अथवा उकिरडा. घर साफ करण्याची बहुतेक साधने याच आवारात सापडत. केरसुणी शिंदीच्या पानांची. त्या झाडाला तिकडे छिंद म्हणतात. भांडी घासायला भाताचा पेंढा, किंवा कुंपणावर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मराठी घरांत केरसुणीला हळदकुंकू वाहतात, त्यामागे ही साधीसुधी वस्तू घराचे वैभव राखते, ही जाणीव आहे.

प्रथम जमीन पाहू. मातीची जमीन चालण्याने उकलते आणि तिची धूळ होते. तीवर शेणाचा पातळ काला फिरवला, की शेणातील बारीक तंतू मातीचे कण धरून ठेवतात व वाळल्यावर एक पातळ साय तयार होते. सारवणाचा गुण एवढाच, पण तो मोठा आहे. भिंतीच्या पायाशी व चौकटीभोवती छुहीचा पट्टा ओढतात. छुही ही या प्रदेशात मिळणारी पांढरी माती. तिच्या पांढऱ्या पट्ट्यावर वाळवी अथवा ओल चढू लागली, तर ती लगेच डोळ्यांत भरते. दिवाळीपूर्वी घर लिंपून घेण्याच्या प्रथेत शोभा होती, तशी वर्षातून एकदा होणारी घराची तपासणीही होती.

चुलीतील राखेची गोष्ट अधिक रंजक आहे. लाकूड जळाल्यावर मागे उरणाऱ्या राखेत पोटॅशियमचे व कॅल्शियमचे क्षार असतात. राख पाण्यात कालवून निवू दिली, तर वरचे निवळ पाणी बोटांना बुळबुळीत लागते. हा क्षार तेला-तुपाला भेटला, की त्यांचा थोडासा साबणच तयार होतो. ओशट ताटावर राख घासणारी गृहिणी, नाव ठाऊक नसताना, साबण बनवण्याची क्रिया ताटावरच उरकत असे. राखेचे बारीक कण खरवडण्याचे काम करीत ते वेगळेच. तीच राख कडधान्याच्या बियाण्यात मिसळली, की किड्यांच्या अंगावरील रक्षक थर खरचटून ते सुकून मरत. मात्र सगळी राख सारखी नसते. भाताच्या तुसाच्या राखेत वाळूचाच अंश, म्हणजे सिलिका, फार. ती खरवडते चांगली, पण तिच्यात क्षार कमी. आणि ॲल्युमिनियमच्या भांड्याला तर क्षारयुक्त राख लावूच नये. त्या धातूवरील संरक्षक थर क्षारात विरघळतो आणि भांडे काळवंडते.

कपड्यांसाठी रिठा. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे फेसाळ द्रव्य असते. दुर्ग-रायपूरच्या भूमीखाली चुनखडीचा पट्टा आहे. भिलाईच्या कारखान्याला चुनखडी पुरवणारी नंदिनीची खाण याच जिल्ह्यातली. अशा भूमीतील विहिरीचे पाणी जड असते. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही. त्याच्या चिकट गुठळ्या होऊन कपड्याला बसतात. रिठ्याचे तसे होत नाही. शिवाय त्यात क्षाराचा तीव्रपणा नसल्याने रेशीम व लोकर यांना तो मानवतो, आणि सोनारही दागिने उजळायला त्याचाच आधार घेतो.

तांब्या-पितळेचे तंत्र याहून निराळे. त्यांवर चढणारा काळा-हिरवा थर क्षाराने निघत नाही, त्याला आम्ल लागते. विदर्भात व छत्तीसगढात चिंच, कोकणात आमसूल, सर्वत्र लिंबू. परंतु जे आम्ल थर विरघळवते ते धातूही विरघळवते. म्हणूनच ताक किंवा चिंचेचे सार उघड्या पितळी भांड्यात ठेवीत नसत. त्यासाठी नवसागर व कथील घेऊन कल्हईवाला दारी येई. घासणे आणि कल्हई या एकाच ज्ञानाच्या दोन बाजू होत्या.

आता मुख्य गोष्ट. राख, शेण, रिठ्याचे चोथे आणि चिंचेचा गाळ यांचे काम संपले, की ती कोठे जात? केर आणि राख घुरव्यात जाई, घुरव्याचे खत पावसाळ्याच्या तोंडावर शेतात पडे. मोरीचे पाणी बारीतल्या केळीला आणि कोचईला, म्हणजे अळूला, मिळे. लाकडाच्या राखेतील पोटॅश हे झाडांचे अन्नच आहे. ज्या वस्तूने घर साफ झाले तीच पुढच्या हंगामात पानावर भाजी होऊन येई. जुन्या पद्धतीचे सामर्थ्य कोणत्याही एका वस्तूच्या गुणापेक्षा या परतीच्या रस्त्यात होते.

तथापि, हे चित्र रंगवताना तीन गोष्टी झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिली, नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे. शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. जखमेवर किंवा नवजात बालकाच्या नाळेवर शेण अथवा राख लावण्याच्या चालीने असंख्य बालके दगावली. लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपण यांच्या प्रसारानंतर, २०१५ साली, माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. त्या चालींकडे परत जाण्याचे कारण नाही. रिठा तर माशांना विष आहे. कपड्याला सौम्य असणारे त्याचे पाणी लहान तळ्यात ओतले, तर मासे मरतात. आणि छत्तीसगढात गावाचे जीवन तलावाभोवतीच फिरत आले आहे.

दुसरी गोष्ट कष्टाची. पहाटेचा सडा, आठवड्याचे सारवण, दोन्ही वेळची राखेची भांडी आणि नदी-विहिरीवरून पाणी, हा सारा भार घरातील स्त्रियांवर होता. क्षाराने त्यांच्या हातांना भेगा पडत आणि राख देणाऱ्या चुलीचा धूर त्यांच्याच छातीत जाई.

तिसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी. शेण आणि राख यांचा परतीचा रस्ता शेतकरी स्वतः चाले. पण मैल्याचा रस्ता त्याने विशिष्ट जातींच्या डोक्यावर ठेवला. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे सोनखत करणारे संडास बांधले आणि हे काम स्वतःच्या हातांनी केले, ते याचसाठी. माणसाला डावलून साधलेली स्वच्छता हीही अस्वच्छताच, हे त्यांनी कृतीने सांगितले.

या जुन्या जीवनाला वळण मिळाले ते १९५९ साली. त्या वर्षी ४ फेब्रुवारीला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. योगायोग असा, की ‘सर्फ’ हे धुण्याचे चूर्ण भारतीय बाजारात आले तेही १९५९ मध्येच. भिलाईत क्षेत्रवार वसाहती उभ्या राहिल्या. खेड्यातून कारखान्यात आलेल्या कुटुंबाला नळ मिळाला, सिमेंटची जमीन मिळाली, गृहिणीची पाठ थोडी मोकळी झाली. नव्या चूर्णाला जड पाण्याची बाधा साबणाइतकी होत नसे, हा लाभही खराच होता. परंतु गोठा आणि घुरवा मागे राहिले. शेगडीत लाकडाऐवजी दगडी कोळसा आला. त्याच्या राखेत क्षार जवळजवळ नाही, निव्वळ खरखरीत कण. जी राख परसात खत होत होती ती गटारात पडून गटार तुंबवू लागली. परतीचा रस्ता तुटला, की नैसर्गिक वस्तूचाही कचरा होतो.

नव्या चूर्णांनी हाच धडा जगाला मोठ्या प्रमाणावर दिला. १९५० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे थर साचू लागले, कारण त्या वेळच्या चूर्णांतील फेसाळ द्रव्य पाण्यातील सूक्ष्म जीवांना पचत नव्हते. १९६० नंतर तेथे त्याची घडण बदलण्यात आली. पुढे चूर्णांतील फॉस्फेटमुळे तलावांत शेवाळ माजते, हे ध्यानात आले. नदी हे मळाचे शेवटचे मुक्कामाचे ठिकाण नाही, हे अशा रीतीने पुनःपुन्हा शिकावे लागले.

छत्तीसगढात अलीकडे या तुटलेल्या रस्त्याची आठवण राज्यकारभारातही उमटली. ‘नरवा, गरवा, घुरवा, बारी’, म्हणजे ओढा, गुरे, खतखड्डा आणि परसबाग, ही तेथील शासनाची घोषणा झाली, आणि २० जुलै २०२० रोजी, हरेलीच्या सणाला, शेण दोन रुपये किलो दराने विकत घेण्याची योजना सुरू झाली. सरकारे आणि योजना बदलतात. पण उकिरड्याला मोल आहे ही गोष्ट दरपत्रकावर चढली, हे विशेषच म्हणायचे.

मग ज्याला परस नाही त्याने काय करावे? प्रथम, उत्साहाच्या भरात सांगितले जाणारे उपाय तपासून घ्यावेत. खाण्याचा सोडा आणि लिंबू एकत्र केले की फसफस होते व मोठे काम होत असल्याचा भास होतो. वस्तुतः आम्ल आणि क्षार एकमेकांना संपवून टाकतात आणि घासायला उरते ते बहुतांशी खारट पाणी. ओशटपणाला आधी सोडा, तो धुतल्यावर डागाला लिंबू, असा क्रम हवा. विरंजक चूर्ण अथवा तसले द्रावण आम्लात कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू प्राणघातक ठरू शकतो. हात धुण्यास साबणच उत्तम. आणि साबण वा चूर्ण वापरायचेच, तर आवश्यक तेवढेच. फेसाचे प्रमाण म्हणजे स्वच्छतेचे प्रमाण, ही समजूत चूर्ण विकणाऱ्याच्या सोयीची आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, परस नसेल तर त्याची लहानशी प्रतिकृती करता येते. ओल्या केराची एक कुंडी हा गच्चीवरचा घुरवा, आणि तांदूळ-भाजी धुतलेले पाणी पिणारे अळूचे रोप ही खिडकीतली बारी. वस्तू परसातली आहे की कारखान्यातली, यावरून तिची पारख पुरी होत नाही. ती वापरणाऱ्या हातांना ती काय करते आणि मोरीपलीकडे गेल्यावर तिचे काय होते, या दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

कुम्हारीच्या जुन्या घरातील गृहिणी राखेची टोपली घुरव्यावर रिकामी करी, तेव्हा तिचे भांडे घासण्याचे काम खऱ्या अर्थाने पुरे होई. आज भांडी मोरीपाशीच स्वच्छ होतात; तेथून पुढचा रस्ता दिसेनासा झाला आहे. खारूनच्या काठी आणि प्रत्येक नदीच्या काठी तो रस्ता कोठेतरी उघडा पडतोच. घर स्वच्छ झाल्याचा निर्वाळा उंबरठ्याच्या आत देऊन भागत नाही. तो मोरीचे पाणी जेथे पोहोचते तेथे उभे राहूनच द्यावा लागतो.