स्कोअरबुकात न मावलेले क्रिकेट

मुंबईच्या मैदानांवर पंचवीस-तीस वर्षे खेळून निवृत्त झालेला क्लब क्रिकेटपटू बोलायला लागला, की ऐकणारे मनातल्या मनात थोडी सूट कापून घेतात. 'आमच्या वेळी' अशी सुरुवात झाली की पुढचे फार गंभीरपणे घ्यायचे नसते, असा एक अलिखित संकेतच आहे, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. झेल दर वर्षी वीतभर उंच होत जातो, गोलंदाजाचा वेग वाढत जातो आणि पायचीत देणाऱ्या पंचाची नजर अधिकाधिक अधू होत जाते. तरीही या आठवणी गप्पा म्हणून सोडून देण्यात मोठे नुकसान आहे. रणजी करंडक ४२ वेळा जिंकणाऱ्या आणि १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे तो आपल्याकडे ठेवणाऱ्या संघाचे खेळाडू तयार झाले ते क्लबच्या तंबूंत आणि जिमखान्यांच्या नेट्समध्ये. त्या जगाचे लिखित दप्तर फार तुटपुंजे आहे. रणजीचा प्रत्येक धावफलक आज सापडतो. क्लबच्या सामन्यांच्या वाट्याला सोमवारच्या वर्तमानपत्रातल्या बारीक टाइपाच्या चार ओळी आल्या. म्हणून निवृत्त खेळाडूची आठवण ही साक्ष मानली पाहिजे. मात्र कोणत्याही साक्षीदाराप्रमाणे त्याला काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही, हे आधी ठरवायला हवे.

कांगा लीगचे उदाहरण घेऊ. डॉ. होरमसजी कांगा या पारशी क्रिकेटपटूच्या नावाने १९४८ साली सुरू झालेली ही स्पर्धा भर पावसाळ्यात, रविवारी खेळली जाते. बाकीचा देश बॅटला तेल लावून ती कपाटात ठेवतो, त्या महिन्यांत मुंबईचे क्लब उघड्या, न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर उतरतात. पाऊस थांबून ऊन पडले की वरचा पापुद्रा सुकू लागतो, खालची माती मात्र मऊच राहते. चेंडू टप्पा पडल्यावर तिच्यात रुततो, कधी थांबून येतो, तर कधी चांगल्या टप्प्यावरून थेट छातीपर्यंत उडतो. सीमारेषेपर्यंतचे गवत वाढलेले असते, त्यामुळे जमिनीलगत मारलेला उत्तम ड्राइव्हसुद्धा वाटेतच दम तोडतो. चार धावा हव्या असतील तर चेंडू उचलून मारण्याचा धोका पत्करावा लागतो. अशा दिवशी काढलेल्या २२ धावा कोरड्या विकेटवरच्या शतकाइतक्या मोलाच्या असू शकतात. स्कोअरबुकात मात्र त्या २२ म्हणूनच उतरतात. सामना किती वाजता सुरू झाला, मधे किती वेळ थांबला, ऊन कोणाच्या डावात पडले आणि नाणेफेक जिंकून कप्तानाने काय केले, यांतले बहुतेक त्या वहीत नसते. ते त्या विकेटवर उभ्या राहिलेल्या माणसाला ठाऊक असते. तो धावांचा आकडा चुकीचा सांगेल, कदाचित २२ च्या ३८ करील. पण कोणत्या टोकाकडून चेंडू उडत होता, हे सहसा चुकणार नाही, कारण ते त्याच्या बरगड्यांनी लक्षात ठेवलेले असते.

आकड्यांचा तोकडेपणा माणसांच्या मोजमापातही दिसतो. वासू परांजपे प्रथम श्रेणीचे २९ सामने खेळले. एवढाच कागद पुढे ठेवला तर मुंबईच्या दीर्घ यादीतले ते एक साधे नाव ठरेल. पण दादर युनियन या क्लबचे कप्तान म्हणून त्यांच्या हाताखाली खेळलेल्यांचे ऐकले, म्हणजे सुनील गावसकरांपासून पुढच्या कित्येक पिढ्या त्यांचा शब्द का मानत होत्या, याचा उलगडा होतो. रमाकांत आचरेकरांचे तर याहून पुढचे. त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे, तोही मोईनुद्दौला स्पर्धेत स्टेट बँकेकडून. त्यांचे सगळे खेळाडूपण क्लब आणि कचेरीच्या क्रिकेटमध्ये गेले, आणि शिवाजी पार्कवर ते पोरांना जे शिकवत त्याची मुळे तिथेच होती. प्रशिक्षक म्हणून त्यांच्याबद्दल भरपूर लिहिले गेले, तरी खेळाडू म्हणून ते कसे होते हे त्यांच्याबरोबर खेळलेल्यांशिवाय कोण सांगणार? दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्यातल्या चुरशीबद्दलही हेच म्हणता येईल. ती निकालांच्या तक्त्यातून कळत नाही. कोणी कोणाला सामन्याआधी ओळख दाखवत नसे, उशिरा आलेल्या कसोटीपटूलाही बाहेर कसे बसवले जाई, असले तपशील म्हणजेच ती चुरस.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. आठवण मुळातच भरवशाची नसते, मग तिच्यावर इतिहास कसा उभारायचा? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवले, की आठवताना माणूस साठवलेली वस्तू जशीच्या तशी बाहेर काढत नाही. दर वेळी ती नव्याने रचतो आणि रचताना आजच्या समजुतींचा वापर करतो. नंतरच्या संशोधकांनी त्यात आणखी एक भर घातली. उतारवयात माणसाला आयुष्यातल्या साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी बाकीच्या वर्षांपेक्षा अधिक दाटीने आठवतात. क्लब क्रिकेटपटूच्या खेळण्याच्या वर्षांतली बरीचशी त्यातच येतात. म्हणजे तो त्या काळाबद्दल इतके भरभरून का बोलतो याचे कारण त्या काळाच्या थोरवीत असेलच असे नाही. त्याचे स्वतःचे वयही त्याला कारण असते. हे मान्य करायलाच हवे. पण यातून आठवण टाकाऊ ठरत नाही, ती कशी वाचायची एवढेच ठरते. इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात १९४९ साली पोलिसांच्या गोळीने एक कामगार मेला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने पुढे तिथल्या कामगारांशी संवाद साधला, तेव्हा अनेकांनी ती घटना १९५३ सालच्या कामगार कपातीच्या लढ्यात नेऊन बसवली होती. तारीख चुकली होती, पण गावाला सगळ्यांत मोठी जखम कोणती वाटत होती हे त्या चुकीनेच सांगितले. आपला खेळाडूही २२ च्या ३८ धावा करतो तेव्हा त्या डावाचे मोल त्याच्या लेखी किती होते, हेच सांगत असतो. आकडा वहीतून घ्यावा, मोल त्याच्याकडून. दोन्ही जुळले नाहीत तर त्या तफावतीकडे अधिक लक्ष द्यावे.

या आठवणींत क्रिकेटखेरीज आणखी एक गोष्ट हमखास असते, ती म्हणजे नोकरी. 'कुठे खेळायचास?' या प्रश्नाला मुंबईचा जुना खेळाडू दोन उत्तरे देतो, एक क्लबचे आणि एक कंपनीचे. टाटा, एसीसी, निर्लॉन, मफतलाल, स्टेट बँक, रेल्वे यांचे संघ टाइम्स शील्ड या कचेऱ्यांच्या स्पर्धेत एकमेकांसमोर येत, आणि त्या संघांत जागा मिळण्यासाठी कंपनीत जागा मिळावी लागे. चाळीत राहणाऱ्या मुलासाठी ऑफ-स्पिन हा पोटापाण्याचा मार्ग होता, तो असा. सकाळी हजेरी, दुपारनंतर नेट्स, महिन्याला पगार आणि पुढे निवृत्तिवेतन. ही व्यवस्था होती म्हणून पदवीनंतर खेळ सोडावा लागला नाही, आणि कसोटीच्या जवळपासही न पोचणारे शेकडो खेळाडू पस्तीस-चाळिशीपर्यंत टिकून नव्या पोरांना प्रत्येक रविवारी कठीण परीक्षा देत राहिले. मुंबईच्या खेळाला 'खडूस' म्हणतात, त्यामागे स्वभावापेक्षा हे टिकून राहणे जास्त आहे, असे माझे मत आहे. अठरा वर्षांच्या फलंदाजाला बाद करण्यात ज्याला अजून रस आहे असा चाळिशीचा डावखुरा फिरकीपटू जिथे दर आठवड्याला भेटतो, तिथे विकेट फेकून चालत नाही. पुढे गिरण्या बसल्या, कंपन्यांनी खेळाडूंची भरती आटवली, आणि ही साखळी विरळ झाली. तिचा हिशेब कंपन्यांच्या ताळेबंदात वेगळा दिसत नाही. कोणाच्या शब्दावर नोकरी लागली, सामन्यासाठी रजा कशी मिळे, बढतीच्या वेळी क्रिकेट आडवे आले की कामी आले, हे त्या माणसांना विचारूनच कळेल.

दुसरा आक्षेप असा, की हा सगळा गतकाळाचा उमाळा आहे. आजचा खेळाडू अधिक तंदुरुस्त आहे, त्याचे क्षेत्ररक्षण कितीतरी सरस आहे, आणि जुन्या क्लब क्रिकेटमधले कित्येक नामवंत आज संघातही येणार नाहीत. यातले पहिले दोन मुद्दे खरे आहेत आणि तिसराही बऱ्याच अंशी खरा असावा. पण इथे श्रेष्ठ कोण हा वादच नाही. साक्षीदाराने आपल्या काळाला जास्त गुण दिले म्हणून त्याने पाहिलेले खोटे ठरत नाही. उलट त्याची फुशारकी बाजूला काढता येते; ती ओळखायला फारशी अक्कल लागत नाही. तिसरा आक्षेप मला अधिक बोचतो. मुळात या आठवणी सांगण्याची संधी कोणाला मिळते? जिमखान्याच्या व्हरांड्यात खुर्ची असलेल्याला. मुंबईचे जिमखाने धर्माच्या नावांनी उभे राहिले आणि मैदानावरचे स्थान जातीने ठरवल्याचे दाखले आहेत. पालवणकर बाळू हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे भारतातले सर्वांत प्रभावी फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, आणि त्या संघात हेच डॉ. कांगाही होते. पण दलित असल्यामुळे हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले. हा इतिहास आज आपल्याला तपशिलात माहीत आहे याचे एक मोठे कारण, निवृत्तीनंतर विठ्ठल पालवणकरांनी मराठीत लिहिलेले 'माझे क्रीडा-जीवन'. कांगा लीग सुरू झाली त्याच १९४८ साली ते प्रसिद्ध झाले. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिला तेव्हा या पुस्तकाचा आधार घेतला. मधल्या पन्नास वर्षांत धावफलक होतेच की. पण कप्तानपद का नाकारले गेले हे धावफलक सांगत नाही. तेव्हा आठवणी काही थोड्यांच्याच नोंदल्या जातात, या आक्षेपावर आठवणी बाद करणे हा उपाय नव्हे. ज्यांना कोणी विचारले नाही त्यांच्याकडे आधी जावे लागेल.

अशा न विचारलेल्यांत भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ साली स्थापन होण्याच्या सुमारास मुंबईत खेळू लागलेल्या मुली येतात. त्यांच्या क्लब सामन्यांना बारीक टाइपाच्या चार ओळीही क्वचितच मिळाल्या. त्या आता सत्तरीकडे झुकल्या आहेत. त्यांत क्लबचे माळीही येतात. एकनाथ सोलकरांचे वडील हिंदू जिमखान्यावर माळी होते आणि कुटुंब तिथेच राहत होते. सोलकर पुढे २७ कसोटींत ५३ झेल घेऊन गेले म्हणून हे आपल्याला माहीत झाले. बाकीच्या माळ्यांची पोरे संध्याकाळी नेट्सवर कोणाला गोलंदाजी करत होती, त्यांतल्या कोणाला पुढे क्लबात घेतले आणि कोणाला फक्त रोलर ओढायला ठेवले, याची नोंद कोणी केलेली नाही. आता मोबाइलवरच्या अॅपमध्ये गल्लीतल्या सामन्याचाही चेंडूनिहाय हिशेब राहतो, मग आठवणींची गरज काय, असे विचारले जाते. पुढच्या काळापुरता तो हिशेब उपयोगीच पडेल. पण अॅपला मागचे काही ठाऊक नाही, आणि पुढचेही ते तेवढेच सांगेल जेवढे मोजता येते. आझाद मैदानावर सामन्यांच्या सीमारेषा एकमेकींत घुसलेल्या असतात, एका सामन्याचा कव्हर दुसऱ्या सामन्याच्या मिडविकेटला पाठ देऊन उभा असतो. ते अॅपमध्ये कसे दिसणार? म्हणून क्लबांनी आपल्या जुन्या खेळाडूंशी बोलताना 'तुमची सर्वोत्तम खेळी सांगा' या प्रश्नापासून सुरुवात करू नये. त्याचे उत्तर पाठ झालेले असते. विकेट कोण बनवायचे, किट कोणाचे वापरायचात, जेवण कुठून यायचे आणि कोण कोणाबरोबर बसायचे, सामन्याला जाताना लोकलचे भाडे कोण द्यायचे, संघातून वगळल्याचे कसे कळायचे, असे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे त्याने आधी कधी कोणाला दिलेली नसतात, त्यामुळे ती घासूनपुसून गुळगुळीत झालेली नसतात. आणि त्याच दिवशी, तेच प्रश्न, त्याच क्लबच्या माळ्यालाही विचारावेत.